कान चांगले आहेत, तरी वर्गात शब्द हरवतात

मा. शिक्षण संचालक, गोवा राज्य, पर्वरी
आणि गोव्यातल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक,
यांस सविनय नमस्कार.

मी फोंडा तालुक्यात तबला शिकवतो. बावीस वर्षे झाली. ऐकणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. समोर बसलेल्या मुलाच्या 'तिरकिट'मधला एक बोल दबला तर मान न वळवता मला कळते. आणि माझ्याच घरात, माझ्याच मुलीला ऐकताना काय अडते हे मला चार वर्षे कळले नाही. ही गोष्ट मला आजही बोचते. दुसऱ्या कुणाच्या मुलाची चार वर्षे अशी जाऊ नयेत म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

आमची बाय आता बारा वर्षांची आहे, सहावीत. ती पाच वर्षांची असताना डॉक्टरांनी ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, निदान केले. ते आम्ही स्वीकारले, शाळेलाही सांगितले. चौथीपर्यंत ती मराठी माध्यमात होती, आणि घोटाळा लक्षात आला तो श्रुतलेखनाच्या वहीमुळे.

ती वही माझ्याकडे अजून आहे. टीचरनी दहा शब्द घातले होते. बायने 'भाकरी'ला 'बाकरी' लिहिले, 'घागर'ला 'गागर', 'पाठ'ला 'पाट', 'थवा'ला 'तवा', 'धार'ला 'दार'. खाली लाल शाईत शेरा होता: 'लक्ष देत नाही.' त्या रात्री जेवणे आटोपल्यावर स्वयंपाकघरात तिला समोर बसवून मी तेच दहा शब्द घातले. दहाच्या दहा बरोबर. मग तिची आई भांडी घासायला लागली, मी पंखा लावला, दाराशी जाऊन उभा राहिलो आणि तिथून त्याच अक्षरांचे दुसरे दहा शब्द घातले. सहा चुकले. सहाही त्याच जातीचे: 'भ'चा 'ब', 'घ'चा 'ग', 'थ'चा 'त'.

मुलगी तीच, रात्र तीच, लक्षही तेच. बदलला होता तो फक्त पंखा, भांड्यांचा आवाज आणि आमच्यामधले अंतर.

'ब' आणि 'भ' यांत फरक किती असतो? ओठ उघडल्यानंतर निघणाऱ्या एका श्वासाचा. तो श्वास सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाइतका टिकतो, कधी तेवढाही नाही, आणि सुसकाऱ्यासारखा हलका असतो. पंख्याचा आवाजही त्याच जातीचा, सुसाट वाऱ्याचा. एक दुसऱ्याला झाकून टाकतो. वाक्यात 'आजीने भाकरी केली' असे आले तर बाकीची मुले अर्थावरून 'भ' भरून काढतात. सुट्या शब्दाला तो आधार नसतो. मराठी आणि कोकणी या महाप्राणांनी, म्हणजे 'भ', 'घ', 'थ' अशा श्वास सोडून उच्चारायच्या अक्षरांनी, भरलेल्या भाषा आहेत, म्हणून आपल्याकडचे श्रुतलेखन ही नकळत गोंगाटात ऐकण्याची फार कडक परीक्षा होऊन बसते. गुण मात्र शुद्धलेखनाचे कापले जातात.

आम्ही तिचे कान तपासायला नेले. कुठे ते सांगत नाही, कारण तिथल्या माणसांनी त्यांचे काम प्रामाणिकपणे केले. जाड दाराची, काचेची खिडकी असलेली लहान कॅबिन होती. बायच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिले. सूर ऐकू आला की बटण दाबायचे. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर बारीक करत नेला. तिने एकही सोडला नाही. बाहेर आल्यावर आम्हांला सांगितले, "कान फर्स्ट क्लास आहेत. ऐकत नाही ते ऑटिझममुळे." आम्ही समाधानाने घरी आलो, आणि आणखी दीड वर्ष तिला रागावत राहिलो.

त्या चाचणीत खोट नाही. शांततेत अगदी बारीक सूर कानाला पकडता येतो का, एवढेच ती सांगते. आमच्या भाषेत सांगायचे तर तबला सुरात मिळवलेला आहे की नाही हे पाहून झाले. मैफलीत चार वाद्ये वाजत असताना त्यातला ठेका पकडता येतो का, ते पाहायचे राहिले. आवाज आंतरकर्णातून नसेत, नसेतून मेंदूच्या देठात आणि तिथून कानशिलामागच्या भागात जातो. वाटेत मेंदू त्याची छाननी करतो. कोणता आवाज कोणाचा, आधी कोणता आला, डावीकडून आला की उजवीकडून. दोन कानांत आवाज पोचायच्या वेळेत जो फरक पडतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, आणि तेवढ्यावरून मेंदू शेजारच्या मुलाची बडबड मागे सारून शिक्षकांचा आवाज पुढे आणतो. ही छाननी नीट झाली नाही तर कान निर्दोष असूनही बोलणे कळत नाही. या अडचणीला श्रवणप्रक्रियेची अडचण म्हणतात.

हे काही कालपरवाचे शोध नाहीत. १९५४ साली इटलीत बोक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात गाठ असलेले रुग्ण तपासले. साधे सूर त्यांना व्यवस्थित ऐकू येत होते, पण बोलणे थोडे बिघडवून ऐकवले की गाठीच्या उलट्या बाजूच्या कानाने ते अडखळत. त्याच वर्षी अमेरिकेत मायकलबस्ट यांनी मुलांमधल्या श्रवणदोषांवर लिहिताना सांगितले की न ऐकणारे प्रत्येक मूल बहिरे नसते. १९६१ साली कॅनडात डोरीन किमुरा यांनी दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे अंक ऐकवून मेंदू काय निवडतो ते पाहिले. आज ज्या चाचण्या होतात त्या या घराण्यातल्या: दोन कानांत दोन गोष्टी, गोंगाटातली वाक्ये, आवाजातला इवलासा खंड ओळखणे. मूल साधारण सात वर्षांचे झाले की त्या भरवशाने करता येतात.

इथे एक गोष्ट लपवणे बरोबर होणार नाही. या अडचणीला स्वतंत्र आजार म्हणायचे की नाही यावर तज्ज्ञांत खरोखर मतभेद आहेत. २०१० साली ब्रिटनमध्ये डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी ६ ते ११ वर्षांच्या १,४६९ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या मुलांचे ऐकणे कच्चे निघाले त्यांच्यात बहुतांशी लक्ष टिकवण्याची आणि स्मरणाची अडचण दिसली. कानाकडून येणाऱ्या आवाजाच्या छाननीचा वाटा कमी निघाला. तेव्हापासून काही संशोधक नावाचा हट्ट सोडून सरळ 'ऐकण्यातल्या अडचणी' असे म्हणतात. दुसरीकडे सिडनीच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजमध्ये शॅरन कॅमेरॉन आणि हार्वी डिलन यांनी दाखवले की काही मुलांना आवाजाची दिशा वापरून बोलणारा वेगळा काढता येत नाही, आणि त्या एका दोषासाठी नेमकी चाचणी बनवली. दोघांचेही म्हणणे मी तबलजीच्या बुद्धीने वाचले. मला त्यात भांडण कमी दिसते. एकाच तक्रारीमागे वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळी कारणे असतील, यात नवल ते काय?

आता ऑटिझमकडे येतो. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांबद्दल जो निबंध लिहिला, त्यातच काही मुलांविषयी नोंद आहे की आधी ती बहिरी असावीत असे वाटले होते. आमच्याकडेही तेच झाले. नावाने हाक मारली तर बाय वळायची नाही. पण सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, सायकलवरचा हॉर्न दोन वळणे पलीकडे असताना ती उठून बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, जाऊन उभी राहायची. आम्हांला तो पुढच्या दोन मिनिटांनी ऐकू येई. अशा मुलीला कमी ऐकू येते म्हणायचे की जास्त? या प्रश्नात मी फार दिवस अडकलो होतो, आणि त्याचे उत्तर संशोधनात आहे.

लंडनच्या ॲना रेमिंग्टन आणि जेक फेअर्नी यांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेजवानीच्या तयारीचे ध्वनिमुद्रण ऐकवले आणि त्यातल्या बायकांच्या बोलण्याकडेच लक्ष द्यायला सांगितले. मध्येच एक माणूस 'मी गोरिला आहे' असे म्हणत त्या खोलीतून जातो. ऑटिझम नसलेल्या बहुतेकांना तो ऐकूच आला नाही. ऑटिझम असलेल्या कितीतरी जास्त जणांना ऐकू आला. म्हणजे त्यांचा मेंदू एका वेळी जास्त आवाज आत घेतो. वर्गात याचा अर्थ काय होतो? टीचरांचा शब्द येतो, त्याच्याबरोबर पंखा येतो, मागच्या बाकावरची कुजबुज येते, शेजारच्या वर्गातले पाढे येतात, रस्त्यावरची कदंब बस येते. कोणीच मागे राहत नाही. बायने स्वतः हे एकदा मला तिच्या शब्दांत सांगितले. मी विचारले, "वर्गात काय होते गो?" ती म्हणाली, "बाबा, टीचरांचा आवाज आणि पंख्याचा आवाज एकाच पट्टीत येतो." त्यानंतर मी तिला 'लक्ष दे' असे कधी म्हटले नाही.

केंब्रिजच्या अल्कांतारा आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हे मोजूनही दाखवले. ऑटिझम असलेल्यांना गोंगाटात तितकेच बोलणे कळायला बोलणारा सुमारे २ ते ४ डेसिबलने मोठा असावा लागला. आकडा लहान वाटतो, पण बोलणे जेमतेम कळण्याच्या उंबरठ्यावर एकेका डेसिबलने कळणाऱ्या शब्दांत ठळक फरक पडतो. त्यांनी आणखी एक बारकावा पकडला. गोंगाट सलग नसतो, त्यात क्षणभराचे उतार येतात, आणि आपण त्या उतारांत शब्द टिपून घेतो. ऑटिझम असलेल्यांना त्या फटींचा तितका फायदा घेता येत नव्हता. फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात टिमोथी रॉबर्ट्स यांच्या गटाने २०१० साली मेंदूच्या चुंबकीय लहरी मोजल्या. आवाज ऐकल्यावर मेंदूने द्यायचा प्रतिसाद ऑटिझम असलेल्या मुलांत सुमारे ११ मिलिसेकंद उशिरा आला. बोल द्रुत लयीत चालले असतील तर एवढ्याशा उशिराने पुढचा बोल मागच्यावर चढतो, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

याच मुलांना आवाज सोसत नाही, हे बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. २०२१ साली आधीच्या अनेक पाहण्या एकत्र करून झालेल्या अभ्यासात असे दिसले की ऑटिझम असलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांना सध्या आणि सुमारे ६० टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी साध्या आवाजांचा असह्य त्रास होतो. २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या अमेरिकन निकषांतही हे आले आहे. पण आवाज न सोसणे आणि शब्द न कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका मुलात दोन्ही असू शकतात, आणि उपाय मात्र वेगळे लागतात. कानांवर जाड हेडफोन चढवले की पहिला त्रास कमी होतो, दुसरा वाढतो. माझी मुलगी हेडफोन लावून शांत बसली म्हणजे शिकते आहे असे शाळेला वाटायचे. ती फक्त शांत बसलेली असायची.

मागल्या गणेशचवथीची गोष्ट सांगतो. आमच्या मूळ घरी घुमट आरती असते. घुमटे आणि शामेळ ही तालवाद्ये, कासाळे म्हणजे मोठ्या झांजा, वीस-पंचवीस माणसे, बंद चौकी. बाय कासाळे वाजवते. सलग पाऊण तास एक घात इकडचा तिकडे झाला नाही. लयभास्कर म्हणून गाजलेल्या तबलावादक खाप्रुमाम पर्वतकरांच्या प्रांतात लयीचे कौतुक कमी नाही. म्हातारी माणसे तिच्याकडे बघत होती. आरती संपली, सगळे एकदम बोलू लागले, आणि माझ्या थोरल्या काकांनी ताट पुढे करून तिला विचारले, "नेवरी जाय गो?" म्हणजे, करंजी हवी का? ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारले. ती मागच्या दाराने निघून गेली. काका दुखावले. जिला शेकडो घातांत एक घात चुकलेला कळतो तिला तीन शब्द कळले नाहीत, यावर कोणाचा विश्वास बसेल? पण लय नेमाने येते, पुढचा घात कुठे पडणार हे आधी ठाऊक असते. गर्दीतले बोलणे कुठून, कोणाकडून, कोणत्या भाषेत येईल याचा नेम नसतो.

महोदय, आता तुमच्या अखत्यारीतल्या गोष्टीकडे वळतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्या कितीतरी वर्गांवर पत्रे आहेत. आषाढात एकदा मी बायच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. टीचर ओरडून शिकवत होत्या, गळ्याच्या शिरा दिसत होत्या, आणि मला, धडधाकट कानाच्या माणसाला, अर्धे वाक्य पोचत नव्हते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीत तो तेवढा उतरत नाही, पण मागच्या बाकापर्यंत पोचतो तो भिंतींवर आपटून घुमलेला. सिमेंटची फरशी, उघड्या भिंती, लोखंडी बाके. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगितले होते की वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा आणि घुमणे ०.६ सेकंदाच्या आसपास असावे. अमेरिकेत वर्गखोल्यांसाठीचे प्रमाणही हेच आहे. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम शाळेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवतात, दिवसा ५० डेसिबल. तो नियम कुंपणाबाहेरचा. कुंपणाच्या आत, पत्र्याखाली काय होते ते कोणी मोजत नाही.

त्यात भाषेची आणखी एक पायरी. बायची आजी कोकणी बोलते, आम्ही घरात मराठी, आणि पाचवीत गेल्यावर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे विषय इंग्रजी झाले. नंतर शिकलेली भाषा गोंगाटात अधिक अवघड जाते, हे कोणालाही लागू आहे. हरवलेला शब्द अंदाजाने भरायला भाषा मुरलेली असावी लागते. म्हणून ज्या मुलांचे ऐकणे चौथीपर्यंत कसेबसे निभावले ती पाचवीत अचानक कोसळतात, आणि आपण म्हणतो, 'इंग्रजी जमत नाही.'

अशा मुलाला मदत मिळायला अडते कुठे? दोन खुर्च्यांच्या मध्ये. अमेरिकेतल्या वाणी-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००५ साली लिहिले की ऐकण्याचा गोंधळ ऑटिझमसारख्या व्यापक कारणातूनच आलेला असेल तर त्याला श्रवणप्रक्रियेचा दोष हे नाव देऊ नये, पण दोन्ही एकत्र असू शकतात. या वाक्याचा पहिला भाग सगळ्यांनी लक्षात ठेवला, दुसरा विसरले. ऑटिझमचा कागद हातात असला की पुढची चाचणी होतच नाही. आणि ज्याच्याकडे तो कागद नाही त्याला 'कान चांगले आहेत' म्हणून परत पाठवतात. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे. श्रवणदोषही आहे, पण तो दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा अधिक घट असलेल्यांसाठी. श्रवणप्रक्रियेची अडचण त्या यादीत नाही. मात्र याच कायद्याचे कलम १६ सांगते की सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शाळेने दिव्यांग मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे सोयी द्याव्यात. ऑटिझम असलेल्या मुलाची गरज गोंगाटात ऐकण्याची असेल तर ती सोय आजच त्याच्या हक्काची आहे. संशोधकांचे नावावर एकमत होईपर्यंत थांबायचे कारण नाही.

माझे एवढेच मागणे आहे, आणि ते फार मोठे नाही.

म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेतल्या आशा यतिराज आणि मस्करेन्हस यांनी शिक्षकांसाठी बारा प्रश्नांची यादी तयार केलेली आहे. हो किंवा नाही एवढेच लिहायचे. सूचना पुन्हा सांगावी लागते का, गोंगाटात कळत नाही का, अशा धर्तीचे प्रश्न. तिने निदान होत नाही, पण कोणत्या मुलाला पुढे पाठवायचे ते कळते. ही यादी मराठी आणि कोकणीत करून तिसरीच्या वर्गापासून शिक्षकांच्या हाती द्या. जे मूल त्यात अडकेल त्याची चाचणी सुरांवर थांबू नये, गोंगाटातल्या वाक्यांपर्यंत जावी. आणि ती वाक्ये मुलाच्या भाषेत असावीत. आम्ही शेवटी ज्या शहरात बायची पुढची चाचणी केली तिथे तिला इंग्रजी वाक्ये ऐकवली. ती कमी पडली तेव्हा कान कमी पडला की इंग्रजी, हे सांगायला त्या ऑडिओलॉजिस्टबाईही कचरल्या. समान अवघड वाक्यांच्या याद्या करणे, त्या गोव्यातल्या आवाजात ध्वनिमुद्रित करणे, आणि आधी शेकडो सामान्य मुलांवर तपासणे हे एकट्या शाळेचे काम नाही. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि विद्यापीठातले मराठी-कोकणी विभाग यांना एकत्र बसवणे सरकारलाच जमेल. कोकणीत असे काम उभे करायला गोव्याहून योग्य जागा दुसरी कोणती?

दुसरे, शिक्षकांच्या कॉलरला लावायचा लहान माइक आणि मुलाच्या कानात बारीक रिसीव्हर. तोंडापासून वीतभर अंतरावरचा आवाज थेट कानात जातो; पंखा, पत्रा, अंतर सगळे वाटेतून वगळले जाते. ऑटिझम असलेल्या मुलांवर हे वापरून पाहिलेले आहे. टेक्सासमध्ये एरिन शेफर यांनी २०१३ साली आणि मेलबर्नमध्ये गॅरी रॅन्स यांनी २०१४ साली दाखवले की याने गोंगाटातले बोलणे अधिक कळते. रॅन्स यांनी पुढे मुलांच्या लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारे द्रव्य, मोजले, आणि माइक वापरल्यावर ऐकण्याचा ताणही कमी झालेला दिसला. ही यंत्रे एका कुटुंबाला जड जातात. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजांच्या मुलांच्या साधनांसाठी तरतूद असते; तालुक्याला चार-पाच संच ठेवून शाळांना आळीपाळीने महिनाभर दिले, तरी कोणत्या मुलाला फायदा होतो ते दिसेल. सगळ्यांना होणार नाही. कानात काही घालणेच सहन न होणारी मुले आहेत, त्यांच्यावर जबरदस्ती नको.

इथे पालकांना एक सांगायचे आहे. खास गाळलेले संगीत हेडफोनवर ठरावीक तास ऐकवले की मेंदू सुधारतो, असे सांगणारे लोक भेटतात. आम्हांलाही भेटले, आणि आमची जपून ठेवलेली रक्कम त्यात गेली. फ्रान्सच्या बेरार यांची ही पद्धत. २०११ साली वैद्यकीय उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने सगळे उपलब्ध प्रयोग तपासले तेव्हा ऑटिझमसाठी तिचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. संगीतावर माझे पोट आहे, तरीही हे सांगतो. तबल्याने माझ्या मुलीला आनंद मिळतो. त्याने तिचे श्रुतलेखन सुधारलेले नाही.

बाकीच्या गोष्टींना जवळजवळ पैसे लागत नाहीत. मूल पुढे बसवा, पण पंख्याखाली आणि रस्त्याकडच्या खिडकीशी नको. फळ्याकडे तोंड करून सूचना देऊ नका. गृहपाठ तोंडी सांगून सोडू नका, फळ्यावर लिहा. श्रुतलेखन या मुलांचे वेगळ्या शांत खोलीत घ्या किंवा शब्द वाक्यात घालून सांगा. तोंडी परीक्षेत प्रश्न कागदावर द्या. 'काय?' असे विचारणाऱ्या मुलाला तेच वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणून दाखवा. दरवेळी शब्द बदलले तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि शेरा लिहिण्याआधी एकदा त्या बाकावर बसून बघा.

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा बायला घेऊन मी गेलो होतो. दिव्यांग माणसांचा असा उत्सव सरकार भरवते याचा मला अभिमान वाटला, आजही वाटतो. तेच सरकार आमच्या शाळेचे छप्पर बघायला येईल, एवढ्या विश्वासाने हे पत्र लिहितो आहे.

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन बाय आणि मी तिच्या वर्गात गेलो. तिच्या शाळेचे आजचे मुख्याध्यापक समजूतदार आहेत. सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूब आणल्या होत्या. मी तुकडे कापले, तिने ते बाकांच्या पायांना गुंडाळून तारेने आवळले. चोवीस बाके, शहाण्णव पाय, दोन दिवस. मग तिने एक बाक फरशीवरून ओढून पाहिला, थांबली, दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा ओढला आणि म्हणाली, "आता गप्प आहे." भिंतींना मागच्या बाजूने जुन्या सतरंज्या टांगल्या. पंख्यांना तेल दिले.

पत्र्याखाली छत घालणे आमच्या हातचे नाही. तो वर्ग शाळेच्या मागच्या इमारतीत, पायरीच्या डाव्या हाताला आहे. जूनच्या आत कोणाला तरी मोजमाप घ्यायला पाठवा. किल्ली मुख्याध्यापकांकडे असते.

आपला नम्र,
एक तबलाशिक्षक आणि बाप
फोंडा, गोवा